खाडीतला शार्क वाट चुकलेला नसतो

डहाणू लोकलने विरार सोडलं की काही मिनिटांत वैतरणेचे पूल लागतात. मनवेलपाड्यातल्या माणसाला ही नदी परकी नाही. पण फेब्रुवारी २०२४मध्ये याच नदीच्या खाडीपात्रात, मनोरजवळ, मासेमारीसाठी उतरलेल्या तरुणाच्या पायाचा शार्कने लचका तोडला. तो बुल शार्क असल्याचं सांगण्यात आलं. समुद्रापासून इतक्या आत तो आला कसा?

उत्तर मूत्रपिंडात आहे. माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात युरिया साधारण १५ ते ४० मिलिग्रॅम असतो. दोनशे झाला तर डायलिसिसचा विचार सुरू होतो. समुद्रातल्या शार्कच्या रक्तात तो दोन हजारांच्या घरात असतो! खाऱ्या पाण्याने शरीरातलं पाणी शोषून घेऊ नये म्हणून ही साठवण. (शिळ्या मुशीला अमोनियाचा उग्र वास येतो, तो याच युरियाचा.) बहुतेक शार्क गोड्या पाण्यात टिकत नाहीत. बुल शार्क मात्र रक्तातला युरिया जवळपास निम्म्यावर आणतो, पातळ लघवी भरपूर करतो आणि मीठ राखून ठेवतो.

हे कोडं उलगडण्यात अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाचे थॉमस थॉर्सन यांचा मोठा वाटा. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा तळ्यातले शार्क तिथेच अडकलेली वेगळी जात आहे, असा पूर्वी समज होता. थॉर्सन यांनी १९६०च्या दशकात शार्कना खुणेच्या पट्ट्या लावून सोडलं. तळ्यातले समुद्राकडे सापडले, समुद्राकडचे तळ्यात. सान हुआन नदी हा त्यांचा जाण्यायेण्याचा रस्ताच होता. पुढे परांसाठी आणि मांसासाठी तिथे बेसुमार मासेमारी झाली आणि तळ्यातले शार्क व करवत मासे झपाट्याने घटल्याची नोंदही थॉर्सन यांनाच करावी लागली.

बुल शार्कचं गर्भारपण दहा-अकरा महिन्यांचं. पिल्लं नदीमुखाशी जन्मतात आणि सुरुवातीची काही वर्षं तिथेच वाढतात. म्हणजे खाडी बिघडली की पुढची पिढी गेली. २०१५पासून भारतातून शार्कचे पर निर्यात करायला बंदी आहे. सांडपाण्याला मात्र तेवढी अडकाठी दिसत नाही.

माणसाला चावा क्वचितच बसतो. बसलाच तर जखमेवर कापड घट्ट दाबून धरावं. तरीही रक्त उसळत राहिलं तर जखमेच्या वर रुंद पट्टी आवळावी, सुतळी नको. आवळल्याची वेळ लिहून ठेवावी आणि १०८ला फोन करावा. खाडीच्या पाण्यात जंतू असतात, त्यामुळे जखम लहान दिसली तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी रुग्णालय गाठावंच.