दारव्ह्याच्या घराण्यांचा शोध

दारव्हा परिसरातील घराण्यांची वंशावळ, म्हणजे पिढ्यांची क्रमवार मांडणी, शोधताना हा तालुका पूर्वी 'वून' म्हणजे वणी जिल्ह्यात होता आणि १९०५ मध्ये त्या जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले, हे ध्यानात ठेवावे लागते. अन्यथा जुन्या गॅझेटिअरांत, म्हणजे सरकारी माहितीग्रंथांत, दारव्हा सापडतच नाही. या. मा. काळे यांचा 'वऱ्हाडचा इतिहास' (१९२४) राजवटींचा क्रम समजण्यासाठी अमोल आहे. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या चार खंडांतील जातिवर्णने मात्र बरीचशी ऐकीव असल्याने, परगण्याची वसुली पाहणारे देशमुख आणि हिशेब ठेवणारे देशपांडे यांच्या सनदांशी, म्हणजे वतनाच्या अधिकारपत्रांशी, ती ताडून पाहणे अत्यावश्यक ठरते.