मटण खाणाऱ्याला दया नसते का?

सातवीला 'प्राणी आपले मित्र' हा निबंध दिला होता. एकाने लिहिलं, जे मांस खातात त्यांना दया नसते. वर्गात वाचूनही दाखवलं. दुसऱ्या बाकावरच्या मुलीने मान खाली घातली. तिच्या घरी उस्मानाबादी शेळ्या आहेत. आदल्याच आठवड्यात अशक्त करडू कुशीत घेऊन ती रात्रभर जागली होती. आणि सणावाराला तिच्याकडे मटणही होतं. आपल्या अंबड तालुक्यात हे दोन्ही एकाच घरात नांदतं.

मग तो मुलगा चुकला का? अगदीच नाही. २०१० साली निक हॅस्लम, ब्रॉक बॅस्टियन आणि सहकारी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. काहींना सुकवलेलं गोमांस खायला दिलं, काहींना काजू, आणि मग गाईबद्दल विचारलं. मांस खाल्लेल्यांनी गाईच्या जिवाला कमी मोल दिलं. खाताना मनाला टोचू नये, म्हणून आपण त्या जनावरालाच कमी लेखतो, असा त्याचा अर्थ लावला जातो.

त्याच वर्षी इटलीतल्या संशोधकांनी साठ जणांच्या मेंदूचे एमआरआय काढले. दुसऱ्याचं दुःख जाणण्याच्या चाचणीत शाकाहारी लोकांना जास्त गुण मिळाले. पण थांबा, हे लोक प्राण्यांच्या कळवळ्याने स्वतःहून शाकाहारी झालेले होते. आधी दया, मग आहार! आपल्याकडे शाकाहार बहुतेकदा जन्माने, जातीने मिळतो. त्याचे गुण आपल्या खात्यात कसे जमा होतील?

उलट ताटावरून माणसाला जोखायची सवय मात्र लवकर लागते. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं देण्याचं ठरलं. न खाणाऱ्यांना केळी. पोरांनी लगेच 'अंडेवाले' आणि 'केळीवाले' अशा पंगती केल्या. कुणी शिकवलं नव्हतं. (की घरी शिकवलं होतं?) जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांचा सरकारी निधी बंद झाला, पण पंगती काही मोडल्या नाहीत. पालकहो, हे जरा घरी बघा.

निबंधावर मी शेरा मारला नाही. त्या मुलीला करडाची गोष्ट सांगायला लावली. बाटलीने दूध कसं पाजलं, गोणपाटात कसं गुंडाळलं, सगळं तिने सांगितलं. निबंधवाला मन लावून ऐकत होता. त्याने विचारलं, "मग विकताना वाईट नाही वाटत?"

"वाटतं की. बाजाराच्या दिवशी मी मामाकडं जाते."