पान टाका, रोप घ्या!

ऑफिसच्या धावपळीत माझ्याकडे मनी प्लांटसुद्धा जगला नाही. मग आईने हातावर पानफुटीचं एक पान ठेवलं. ‘नुसतं ओल्या मातीवर टाक,’ म्हणाली. आणि काय! पानाच्या कडेच्या खाचांतून इवली इवली रोपं फुटली.

ही मूळची मादागास्करची. जाड पानांत पाणी साठवते, म्हणून माती सुकल्यावरच पाणी द्या. उजेडाची खिडकी किंवा झाडाखालची विरळ सावलीही चालते. फुलं मात्र कमी येतात. बागेतही कुंडीतच ठेवा, नाहीतर गळलेल्या पानांतून सगळीकडे पसरेल.

घरात मांजर-कुत्रं आहे? मग नकोच, त्यांना ती विषारी. माऊ आणायचं ठरलं तेव्हा माझ्या कुंड्या शेजारच्या काकूंकडे गेल्या. एक पान मात्र ऑफिसच्या डेस्कवर फुटतंय!