कॅमेरा बदलताना

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात छायाचित्रे काढीत असता तीन-चार व्यापारी बंधूंनी मला आळीपाळीने एकच प्रश्न विचारला : "नवा कॅमेरा घ्यावयाचा आहे; हा घ्यावा की तो ?" उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही आणि खरे सांगावयाचे तर माझेही झाले नाही. कारण २०२२ च्या हिवाळ्यात हाच प्रश्न माझ्यापुढे येऊन उभा राहिला होता, व त्याचा निकाल लावण्यास मला जवळजवळ दोन महिने लागले होते. संपादक-मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा तो सारा प्रकार सविस्तर लिहून काढावा असे मनात आले.

मी छायाचित्रकार नव्हे. बेळगावच्या रविवार पेठेत आमचे धान्याचे अडत-दुकान आहे आणि छायाचित्रण ही सुटीच्या दिवसाची हौस आहे. २०१३ साली मी निकॉन कंपनीचा डी ३२०० हा कॅमेरा घेतला. तो घेताना दुकानदाराने पिशवी, फिल्टर, तिपाई असा सारा संच गळ्यात बांधला. त्यांतील तिपाईचा एक पाय पहिल्याच महिन्यात निखळला. पेढीवर बसून दिवसभर दुसऱ्याचा माल पारखणारा मनुष्य हौसेच्या वस्तूपुढे कसा भाबडा होतो, याचा तो मला मिळालेला पहिला धडा. कॅमेरा मात्र प्रामाणिकपणे नऊ वर्षे चालला. त्याच्यावर राग धरावा असे काही घडले नव्हते.

मग बदल का हवा होता ? त्याची कारणे दोन, आणि दोन्ही घरातलीच.

आमच्या तीर्थरूपांनाही हा नाद होता. १९९१ साली त्यांनी मुंबईहून एका आप्ताकरवी निकॉनचा फिल्मचा कॅमेरा व त्याबरोबर ५० मिलिमीटरची, एफ १.८ छिद्राची लेन्स मागविली होती. कॅमेरा आमच्या गावच्या पावसाळी दमटपणाने केव्हाच निकामी झाला. लेन्स मात्र वडिलांनी सिलिका जेलच्या पुड्या घालून स्टीलच्या घट्ट डब्यात जपली, म्हणून तिच्यावर बुरशीचा एक तंतूही चढला नाही. वडील गेल्यावर तो डबा माझ्याकडे आला. लेन्स माझ्या डी ३२०० वर बसत असे, प्रकाशाचे मापनही होत असे. पण ती आपोआप नेम धरीत नसे. त्या काळच्या लेन्समध्ये मोटर नाही. कॅमेऱ्याच्या आत मोटर असते व ती लेन्सच्या बुडाशी असलेला लहानसा स्क्रू फिरविते, अशी ती रचना. डी ३२०० मध्ये ती मोटरच नाही. हाताने नेम धरावा तर त्याचा दर्शक आरशांचा, अंधुक व लहान; पन्नाशी उलटलेल्या माझ्या डोळ्यांना त्यात नाकाचे टोक स्पष्ट आहे की पापणी, हे कळत नसे. दहा चित्रांत आठ वाया जात.

दुसरे कारण आमच्या मातोश्री. त्यांचे वय तेव्हा ८६ होते. पहाटे उठून पूर्वेच्या खिडकीशी त्या माळ घेऊन बसतात, आणि उजाडताना त्यांच्या चेहऱ्यावर जो प्रकाश येतो तो एकदा तरी चित्रात धरावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. पण कॅमेऱ्याचा 'खट्' असा आवाज झाला की त्यांचे डोळे उघडत. "पुन्हा वाजलं बघ तुझं," असे म्हणून त्या पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरुवात करीत. तीन-चारदा असे झाल्यावर मलाच संकोच वाटू लागला, आणि मी तो नाद सोडला. वय वाढत होते, त्यांचेही, माझेही.

बाजारात चौकशी केली तेव्हा माझ्या ऐपतीत बसणारे दोन कॅमेरे पुढे आले. एक २०१७ साली निघालेला निकॉन डी ७५००, आरशाचा; दुसरा २०१९ चा निकॉन झेड ५०, बिनआरशाचा. दुसऱ्या कंपन्यांचे कॅमेरे उत्तम आहेत, याबद्दल मला शंका नाही. पण वडिलांची लेन्स निकॉनची, म्हणून तो विचार मी केलाच नाही.

प्रथम आकड्यांचा मोह सांगतो, कारण बहुतेक जण तेथेच अडकतात. माझा जुना कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा होता आणि हे दोन्ही नवे २०.९ मेगापिक्सेलचे. अधिक पैसे देऊन कमी माल घ्यावयाचा, हे व्यापाऱ्याच्या कानाला खटकणारच. हिशेब केला तेव्हा भ्रम गेला. २०.९ मेगापिक्सेल म्हणजे लांबीत ५५६८ व रुंदीत ३७१२ बिंदू. उत्तम छपाईला इंचास ३०० बिंदू धरले तरी १८ इंच बाय १२ इंचांचे चित्र निघते. आपल्या स्मरणिकेचे पान त्याच्या निम्म्यानेही नाही. उलट मंद प्रकाशात चित्रावर जी दाणेदार रवाळी पसरते, ती दोन्ही नव्या यंत्रांत जुन्यापेक्षा पुष्कळ कमी. आणि या बाबतीत ते दोघे परस्परांहून वेगळे आहेत असेही नाही : प्रकाश टिपणाऱ्या पटलाचे आकारमान तेच, बिंदू तेवढेच. तेव्हा चित्राच्या गुणवत्तेवरून निवड करणे शक्य नव्हते. खरा भेद आरशाचा होता.

आरशाच्या कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश तिरक्या आरशावर पडतो, तेथून वर लोलकात जातो आणि आपल्या डोळ्याला प्रत्यक्ष दृश्य दिसते. कळ दाबताच आरसा वर उडतो, पडदा उघडून मिटतो, आरसा खाली आपटतो. 'खट्' हा त्याचाच आवाज. बिनआरशाच्या कॅमेऱ्यात प्रकाश सरळ पटलावर पडतो व त्याचे चित्र आतल्या चिमुकल्या पडद्यावर दिसते. आपण पाहतो ते दृश्य नव्हे, दृश्याचे चित्र. हे काही जणांना रुचत नाही. पण त्याचा मोठा फायदा असा की यांत्रिक पडदा न हलवताही छायाचित्र घेता येते, आणि मग आवाज अजिबात होत नाही.

आरसा नाहीसा झाल्यावर लेन्स पटलाच्या जवळ आणता येते. निकॉनच्या १९५९ पासून चालत आलेल्या जुन्या कड्यात हे अंतर ४६.५ मिलिमीटर होते. २०१८ पासूनच्या नव्या झेड कड्यात ते फक्त १६ मिलिमीटर आहे. जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवावयाची तर मधले ३०.५ मिलिमीटर भरून काढणारे एक जोडकडे घ्यावे लागते. आणि येथेच माझा पेच होता. त्या जोडकड्यातही स्क्रू फिरविणारी मोटर नाही. म्हणजे वडिलांची लेन्स डी ७५०० वर आपोआप नेम धरणार, झेड ५० वर हातानेच धरावी लागणार.

कागदावर दोन रकाने आखले. डी ७५०० : वडिलांची लेन्स पूर्णपणे उपयोगी, मोठा व स्वच्छ दर्शक, एका बॅटरीत कंपनीच्या मोजणीप्रमाणे ९५० चित्रे. झेड ५० : निःशब्द, वजनाला हलका, पण बॅटरीत तीनशेच्या आसपास चित्रे, वर जोडकड्याचा खर्च. वजनाचा लाभही वाटतो तेवढा नव्हे. बॅटरीसह डी ७५०० चे वजन ७२० ग्रॅम व झेड ५० चे ४५० ग्रॅम. पण सुमारे १२५ ग्रॅमचे जोडकडे बसविले की निम्मी बचत गेली. रकाने पाहून कोणीही डी ७५०० च घ्या म्हटले असते. मीही तसे ठरविलेच होते.

सुदैवाने पैसे मोजण्यापूर्वी दोन्ही यंत्रे हाती आली. माझ्या चुलत पुतण्याकडे डी ७५०० होता; तो क्रिकेटचे सामने आणि तलावावरचे पक्षी टिपतो. झेड ५० जोडकड्यासह कोल्हापूरच्या एका स्नेह्यांनी आठवडाभर वापरण्यास दिला. पुतण्याचे मत ठाम होते : "काका, आरसा गेला की कॅमेऱ्याचा जीव गेला !" उडत्या पक्ष्याचा पाठलाग करताना आरशातले दृश्य अजिबात मागे पडत नाही, हे त्याचे म्हणणे मी स्वतः पाहिले आणि मला पटले.

दोन्ही कॅमेरे घेऊन मी प्रथम किल्ल्यातील कमल बसदीत गेलो. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने १२०४ च्या सुमारास बांधलेली ही वास्तू आपणांपैकी बहुतेकांनी पाहिलेली आहे. मंडपाच्या छतातले ते दगडी कमळ भर दुपारीही अर्धवट काळोखात असते. तिपाई लावावयाची तर परवानगी काढावी लागते, म्हणून हातातच धरून काढले. दोन्ही यंत्रांची चित्रे घरी येऊन संगणकावर शेजारी शेजारी ठेवली. कोणते कशाचे हे मला सांगता येईना. फरक जाणवला तो तेथे, मंडपात. डी ७५०० ची कळ दाबली की दगडी भिंतींतून आवाज घुमत असे. त्याला शांत कळेची सोय आहे, पण तिने आवाज थोडा मऊ होतो, नाहीसा होत नाही. दर्शनास आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मागे वळून पाहिले. ते काही बोलले नाहीत, पण मी कॅमेरा खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी पहाटे घरी परीक्षा. वडिलांची लेन्स डी ७५०० वर चढविली. तीस वर्षांनी ती पुन्हा आपोआप फिरली, तेव्हा क्षणभर वडील समोर उभे असल्यासारखे वाटले, हे कबूल करतो. पण त्या जुन्या रचनेत स्क्रू फिरताना 'घर्र' असा आवाज होतो, हे मी विसरलो होतो. आधी घर्र, मग खट्. मातोश्रींनी डोळे उघडले नाहीत. माळेवरची बोटे मात्र थांबली.

तिसऱ्या दिवशी झेड ५०. येथे मला जे कळले ते कोणत्याही माहितीपत्रकाने सांगितले नव्हते. किंबहुना सांगितले असेल, पण माझ्या गरजेशी त्याचा संबंध मला लागला नव्हता. हाताने नेम धरताना या कॅमेऱ्याच्या आतल्या पडद्यावर जो भाग स्पष्ट असेल त्याच्या कडा रंगीत रेषेने उजळतात, आणि हवा तो भाग मोठा करूनही पाहता येतो. खिडकीशी बसलेल्या मातोश्रींच्या पापणीवर ती रंगीत रेघ आली तेव्हा माझ्या चष्म्यातूनही ती मला लख्ख दिसली. ज्या लेन्सवर नऊ वर्षे माझा नेम चुकत होता, ती हातानेच फिरवून मी नेम धरला. म्हणजे रकान्यात जी मी उणी बाजू म्हणून लिहिली होती ती माझ्यापुरती उणी नव्हतीच.

चित्रे मात्र पहिल्या खेपेस बिघडली. प्रत्येकावर आडवे काळे पट्टे ! निःशब्द पद्धतीत पटलाच्या ओळी एकदम न वाचल्या जाता एकीमागून एक वाचल्या जातात, आणि खोलीतला एल. ई. डी. दिवा आपल्या डोळ्यांना न कळेल इतक्या वेगाने लुकलुकत असतो; त्याची छाया ओळींवर पडते. याच कारणाने धावती वस्तूही या पद्धतीत तिरकी दिसते. तेव्हा आवाज नको तर दिवा मालवावा आणि सूर्याची वाट पाहावी, हे ठरले. एफ १.८ चे मोठे छिद्र येथे कामी आले : माझ्या जुन्या कॅमेऱ्याबरोबर मिळालेल्या लेन्सच्या एफ ५.६ पेक्षा ते जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. छिद्र एफ २ वर, सेकंदाचा ऐंशीवा भाग, आय. एस. ओ. ३२००. झेड ५० च्या देहात कंप सावरण्याची योजना नाही व जुन्या लेन्समध्येही नाही. म्हणून दाराच्या चौकटीला खांदा टेकवून उभा राहिलो.

त्याच आठवड्यात झेड ५०, जोडकडे आणि एक जादा बॅटरी अशी मागणी नोंदविली. जादा बॅटरीवाचून हा कॅमेरा घेऊ नये. लग्नकार्यात दुपारच्या जेवणापर्यंतच पहिली संपते.

विचारणाऱ्या बंधूंना मी आता उलट प्रश्न विचारतो : तुमच्या कपाटात लेन्स कोणत्या आहेत, आणि तुम्हांला कशाचे चित्र हवे आहे ? कॅमेऱ्याचा देह हा घसाऱ्याचा माल. २०२४ मध्ये झेड ५०चीही दुसरी आवृत्ती निघाली आणि माझ्या यंत्राचा भाव उतरला. लेन्स मात्र पिढ्या काढते. ज्याच्याकडे जुन्या स्क्रूच्या चार-पाच लेन्स आहेत, ज्याला मैदानावर दिवस काढावयाचा आहे, त्याने वापरलेला पण निगा राखलेला डी ७५०० खुशाल घ्यावा. माझ्या पुतण्याने तो बदललेला नाही, आणि तो चुकला असे मला वाटत नाही. २०२० च्या डी ६ व डी ७८० नंतर निकॉनने आरशाचा नवा कॅमेरा काढलेला नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवून भाव करावा. आणि काहीही घेण्यापूर्वी दोन दिवस उसना आणून आपल्याच घरात, आपल्याच उजेडात वापरून पाहावा.

डी ३२०० आता माझ्या नातीकडे आहे. ती त्याने गच्चीवरच्या खारी टिपते. मातोश्रींचे चित्र मी १८ बाय १२ इंचांचे करून बैठकीत लावले. त्यांनी ते चष्मा लावून जवळून पाहिले, माळेवरची आपली बोटे निरखली आणि मला विचारले, "हे कधी काढलंस रे ?"