वालचंदनगर : घराण्याचा उद्योग आणि त्याची मूल्ये

अंथुर्ण्यात उभं राहून वालचंदनगरविषयी बोलायचं म्हणजे आईला तिच्या माहेरची वाट दाखवण्यासारखं आहे. पण आपलं हे व्याख्यान दूरवर ऐकलं जातं, म्हणून दोन शब्द सांगतो. वालचंदनगर हे इंदापूर तालुक्यात, नीरा नदीच्या खोऱ्यात, कळंबच्या शिवारात वसवलेलं कारखान्याचं गाव. आज आपल्यापुढचा प्रश्न असा की, घराण्याने उभ्या केलेल्या उद्योगाची 'मूल्ये' म्हणतात ती नेमकी राहतात कुठे? रक्तात, की भिंतीवरच्या पाटीत, की आणखी कशात?

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ सालचा, सोलापूरच्या व्यापारी जैन घरातला. घरचा व्यापार सोडून ते लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर रेल्वेच्या ठेकेदारीत शिरले. पुढची यादी तुम्हाला ठाऊक असेल. १९१९ मध्ये सिंदिया कंपनीचं 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघालं. १९४० मध्ये बंगळुरूला विमानाचा कारखाना निघाला. मग विशाखापट्टणमची गोदी, मग प्रीमियर मोटारी. या यादीवर आपण थांबणार नाही. मोठ्या माणसाची यादी वाचली की आपण टाळ्या वाजवतो आणि विचार करायचा राहून जातो.

आपल्याला पाहायचाय तो ऊस. दुष्काळानंतर, १८८० च्या दशकात नीरेचा डावा कालवा निघाला आणि या कोरड्या माळाला पाणी आलं. मार्सलंड प्राइस या कंपनीच्या नावाने वालचंदांनी इथे मोठा ऊसमळा केला. १९३२ मध्ये सरकारने साखरेला जकातीचं संरक्षण दिलं आणि पाठोपाठ इथे साखर कारखाना उभा राहिला. आता कोणी विचारेल, साखरेचा अभियांत्रिकीशी संबंध काय?

संबंध फार जवळचा आहे. साखर कारखाना म्हणजे यंत्रशास्त्राची आख्खी शाळाच. उसाचे रोलर मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे घेतात. त्यांना फिरवणारं वाफेचं टर्बाइन मात्र मिनिटाला हजारो फेरे घेतं. मधला वेग उतरवायचा तर अजस्र दात्यांची चाकं हवीत. वाफेसाठी बॉयलर हवा, म्हणजे दाब सोसणारी भांडी आली. रस आटवायला निर्वात कढया हव्यात, म्हणजे जाड पत्रा वळवणं आणि वेल्डिंगने तो हवाबंद करणं आलं. शिवाय हंगाम थांबत नाही. ऊस तोडला की त्यातली साखर तासातासाने घटते. सुटा भाग परदेशाहून जहाजाने येईपर्यंत गव्हाणीत ऊस वाळत ठेवायचा? मग वर्कशॉपच मोठं होतं. आधी दुरुस्ती, मग सुटा भाग, मग आख्खं यंत्र. स्वातंत्र्यानंतर याच गावातून साखर कारखान्यांची आणि सिमेंट कारखान्यांची यंत्रं जाऊ लागली. पुढे नौदलाच्या जहाजांचे गिअरबॉक्स आले, अणुभट्ट्यांचे भाग आले.

आणि रॉकेट. १४ जुलै २०२३ रोजी चंद्रयान-३ घेऊन जे यान उडालं, त्याच्या दोन्ही बाजूंना एस-२०० नावाचे घनइंधनाचे बूस्टर होते. ३.२ मीटर व्यासाचे, प्रत्येकात २०० टनांहून अधिक इंधन. त्यांची पोलादी कवचं तीन तुकड्यांत बनतात, आणि त्या उड्डाणासाठीचे तुकडे वालचंदनगरला बनवून तिथेच दाबाच्या चाचणीला लावले होते. ही चाचणी समजून घेण्याजोगी आहे. कवचात पाणी भरायचं आणि उड्डाणात जेवढा दाब यायचा त्याहून जास्त दाब द्यायचा. पाणी का? कारण ते दाबलं तरी फारसं आकसत नाही. कवच फाटलंच तर हवेसारखा स्फोट होत नाही. बॉयलरची चाचणीही अशीच घेतात! म्हणजे इथल्या वर्कशॉपला ही रीत परकी नव्हती.

तर ॲरिस्टॉटल म्हणतो की सद्गुण शिकवून येत नाही, तो करता करता अंगी बाणतो. बांधत बांधत माणूस गवंडी होतो. वालचंद १९५३ मध्ये गेले. उद्योग भावांकडे, मग पुतण्यांकडे, मग घराण्याच्या वेगवेगळ्या शाखांकडे गेले. तरी वेल्डिंगची जोडरेषा तपासून, नापास झाली तर खरवडून पुन्हा भरायची सवय वर्कशॉपात राहिली. ती ना दोशींच्या रक्तात होती, ना पाटीवर. ती उस्तादाकडून शिकाऊ पोराकडे गेली, आणि ही पोरं या पंचक्रोशीतलीही होती. म्हणून कंपनीच्या इतिहासात संस्थापकाचं नाव ठळक आणि फिटरचं नावच नाही, हे आम्हाला अर्धवट वाटतं.

दुसरी बाजूही पाहायला हवी. संस्थापक जैन होते, तेव्हा अनेकांतवाद त्यांच्याच पदरी टाकूया: वस्तूला एकाहून अधिक अंगं असतात. कारखान्याने घरं दिली, शाळा दिली, पगार दिला. पण उसाचे मळे ज्या जमिनीवर झाले, त्यातली बरीचशी शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेली होती. १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा आला. अशा साखर कारखान्यांच्या जमिनी सरकारजमा झाल्या आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. इथलाच रत्नापुरीचा मळा घ्या. खंडाने दिलेली जमीन मुदतीनंतर घरी यायची, या भरवशावर ज्यांनी अंगठा दिला, त्यांच्या जमिनी कंपनीकडून निघाल्या त्या सरकारात गेल्या. गांधीजींचा विश्वस्ताचा सिद्धांत अशा वेळी फार अवघड होऊन बसतो. विश्वस्त कोण? धनको की सरकार? आणि ठेव कोणाची? आम्हाला वाटतं, ठेव खंडकऱ्याचीच होती, आणि तिचा हिशोब कंपनीच्या गौरवकथेत यायला हवा, सरकारच्याही. कायद्यात दुरुस्ती होऊन या जमिनी परत करण्याचा मार्ग मोकळा झाला तो थेट २०१२ मध्ये. तोवर मूळ खातेदाराच्या जागी नातवाचं नाव वारसनोंदीला लागलेलं होतं.