म्युनिक पालिकेचे दप्तर आणि लिमक्स

जर्मनीतील म्युनिक शहराच्या पालिकेने आपले दप्तर मायक्रोसॉफ्टच्या प्रणालींवरून मुक्त-स्रोत प्रणालींवर, म्हणजे ज्यांची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता व वाटता येते अशा प्रणालींवर, नेण्याचे २००३ मध्ये तत्त्वतः ठरवले. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी महापौर ख्रिस्तियान उडे यांची समक्ष भेट घेऊनही तो निर्णय फिरला नाही, आणि सुमारे १५,००० संगणकांचा हा ‘लिमक्स’ प्रकल्प २०१३ मध्ये पूर्ण झाला.

या कामातील खरी गुंतागुंत संगणकांत नव्हती, साच्यांत होती. साधे पत्र नव्या स्वरूपात नेणे सोपे असते. ओडीएफ या खुल्या स्वरूपाला २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला असून त्यातील फाइल ही वस्तुतः एक झिप-गठडी असते, जिच्यात मजकूर एका फाइलीत आणि मांडणीचे नियम दुसऱ्या फाइलीत ठेवलेले असतात. परंतु पालिकेच्या प्रत्येक खात्याने वर्षानुवर्षे आपापले छापील नमुने आणि मॅक्रो, म्हणजे ठरावीक कामे आपोआप उरकणाऱ्या छोट्या आज्ञावल्या, जमवल्या होत्या. वर्डसाठी लिहिलेली मॅक्रो ओपनऑफिस या मुक्त-स्रोत कार्यालयीन संचात जशीच्या तशी चालतीलच असे नसल्याने त्यांपैकी कोणती ठेवायची, कोणती नव्याने लिहायची आणि कोणती मोडीत काढायची, हे ठरवावे लागले. नमुन्यांच्या कामासाठी पालिकेने ‘वोलमक्स’ नावाचा जोड-कार्यक्रम स्वतः तयार करून घेतला, जो कर्मचाऱ्याचे नाव, खाते व दूरध्वनी नोंदवहीतून उचलून पत्राच्या मथळ्यात भरतो. २००८ मध्ये तो सर्वांसाठी खुला करण्यात आला. त्याचे नाव लोकर, दूध, मांस आणि वर अंडीही देणाऱ्या एका काल्पनिक डुकरिणीवरून, जर्मनांच्या कामधेनूवरून म्हणा ना, पडले आहे.

उरलेला त्रास बारीक, पण चिवट असतो. कॅलिब्री टंक संगणकावर नसेल तर अक्षरांची रुंदी बदलते, ओळी वेगळ्या जागी तुटतात आणि तक्त्याची शेवटची ओळ पुढच्या पानावर जाते. त्यावर तेवढ्याच रुंदीचा कार्लिटो हा मुक्त टंक उपाय ठरतो. मराठी कचेऱ्यांत मात्र एवढ्याने भागत नाही, कारण कृतिदेवसारख्या जुन्या टंकांत रोमन अक्षरांच्या संकेतांवरच देवनागरी आकार बसवलेले असतात, आणि टंक हरपला की ठरावाच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो, फाइलीचे स्वरूप कोणतेही असो.

म्युनिकच्या नगरसभेने २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. बाहेरून येणाऱ्या वर्ड-फाइली नीट उघडत नाहीत, ही तक्रार तोवर मिटली नव्हती. मुक्त प्रणालीच्या दोषापेक्षा तो एकट्याने वाट बदलण्याचा परिणाम होता. जर्मनीच्याच श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० संगणक मुक्त-स्रोत प्रणालींवर नेण्याचा निर्णय घेतला, तेव्हा विंडोजला लगेच हात न लावता आधी लिब्रेऑफिस हा मुक्त-स्रोत कार्यालयीन संच आणि ओडीएफ आणण्याचे ठरवले.