कंदांना फुलोरा आणण्याची विद्या

पहिल्या पावसाच्या सुमारास पेण आणि रोह्याच्या बाजारात जुड्यांनी विकली जाणारी शेवळे म्हणजे सुरणाच्याच कुळातील एका रानकंदाचे, पान फुटण्याआधी जमिनीतून वर येणारे फुलोरे होत. शेवळे साफ करताना जो पिवळसर कणीदार भाग खाजरा म्हणून काढून टाकतात, त्यातच सूक्ष्म फुले दाटीने बसलेली असतात. खालची मादीफुले आधी पक्व होतात आणि वरच्या नरफुलांतला पराग मागाहून सुटतो, त्यामुळे बी धरण्यासाठी दुसऱ्या झाडाचा पराग किडींमार्फत यावा लागतो.

रानात हे आपोआप घडते. परसातल्या अळू, सुरण, कोनफळ आणि रताळ्याला मात्र फूल क्वचितच दिसते, कारण ही पिके पिढ्यान्‌पिढ्या कंदांपासून किंवा वेलाच्या तुकड्यांपासून लावली जातात आणि सुरण तर फुलण्याइतका पोसण्याआधीच खणला जातो. अशा लागवडीत प्रत्येक रोप मूळ रोपाची हुबेहूब प्रत असल्याने एकाला लागलेला रोग सगळ्यांना लागतो. १९९३ मध्ये सामोआ बेटांवर अळूचा करपा शिरला, तेव्हा तिथले पीक पाहता पाहता बसले आणि प्रतिकारक्षम वाणांसाठी संकराकडे, म्हणजेच बियांकडे, वळावे लागले.

अळूला फुलवण्यासाठी कोवळ्या रोपांवर जिबरेलिक आम्ल हे वाढीचे संप्रेरक फवारतात. रताळ्याची युक्ती याहून देखणी आहे: कंद न धरणाऱ्या काळादाण्यासारख्या भाऊबंद वेलीवर त्याचे कलम बांधले, की पानांत तयार झालेली साखर कंदात उतरण्याऐवजी वरच राहते आणि वेल कळ्या धरतो. फूल पहाटे उमलून दुपारपर्यंत कोमेजत असल्याने परागण सकाळीच उरकावे लागते, आणि हाती आलेल्या बियांचे कवच इतके टणक असते, की ते खरवडल्याशिवाय पाणी आत शिरत नाही. कोनफळात तर नर व मादी वेल वेगवेगळे असतात.

तिरुवनंतपुरमची केंद्रीय कंदपिके संशोधन संस्था १९६३ पासून या पिकांवर काम करीत आहे; दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने रताळ्याचा ‘कोकण अश्विनी’ आणि अळूचा ‘कोकण हरितपर्णी’ हे वाण दिले असून त्याच विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र रोह्याजवळ किल्ला येथे आहे. परसात सुरण किंवा कोनफळ फुललेले दिसल्यास ते खणून न काढता या केंद्राला कळवावे, आणि रानातली सगळीच शेवळे न खुडता काही बी धरण्यासाठी राखावीत.